मेकफाईलमध्ये कामं नव्हे, फायली लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या रोजच्या पावसाच्या सीएसव्ही फायली येतात. एक पायथन स्क्रिप्ट त्या साफ करते, दुसरी महिन्याची बेरीज काढते, तिसरी आलेख काढते आणि शेवटी सगळं जोडून पीडीएफ अहवाल तयार होतो. क्रम रीडमीत लिहिलेला होता, पण कुणीतरी एखादी पायरी हमखास गाळायचं, म्हणून सगळ्या आज्ञा एका शेल स्क्रिप्टमध्ये टाकल्या. पायऱ्या गाळणं थांबलं. पण एकाच जिल्ह्याची सुधारलेली फाईल आली तरी छत्तीसच्या छत्तीस जिल्हे पुन्हा चालतात आणि पाऊण तास जातो. कुणीतरी मेक सुचवलं, म्हणजे 'मेकफाईल' नावाच्या फाईलमधले नियम वाचून फायली बनवणारं साधन. ते वापरलं, तरी पाऊण तास तसाच. तर आता एअरफ्लोसारखं, कामांचं वेळापत्रक सांभाळणारं मोठं साधन घ्यावं का?

एअरफ्लो नको. मेकच ठेवा, पण मेकफाईल नव्याने लिहा. तुमच्या मेकफाईलमध्ये साफ, बेरीज, आलेख आणि अहवाल अशी चार टार्गेटं (मेकला 'हे बनव' म्हणून सांगायची नावं) आहेत आणि चारही 'फोनी' म्हणून जाहीर केलेली आहेत. फोनी म्हणजे मेकला दिलेला हुकूम: या नावाची फाईल शोधत बसू नकोस, सांगितलं की चालव. मेक मुकाट्याने तेच करतंय. जुन्या शेल स्क्रिप्टला नवा सदरा चढवला, एवढंच झालं. वेळ वाचायला काही कारणच नव्हतं.

(पुढे आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं. फायलींची नावं मात्र खरोखर देवनागरीत ठेवली तरी ग्नू मेकची, म्हणजे आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मेकची, काही तक्रार नसते.)

मेकला तुमची कामं कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की ही फाईल त्या फायलींपासून बनते. बनलेली फाईल जागेवर नसेल, किंवा ज्यांच्यापासून ती बनते त्यांपैकी एखादी तिच्यापेक्षा नवी असेल, तर ती पुन्हा बनवायची. नाहीतर हात लावायचा नाही. बाकीचं सगळं याच तुलनेतून येतं. त्यामुळे मेकफाईल लिहायला बसलं की 'आधी काय करायचं, मग काय करायचं' हा विचार बाजूला ठेवावा लागतो. शेवटी हातात कुठली फाईल हवी तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं: अहवाल कशापासून बनतो? आलेखांपासून. आलेख कशापासून? बेरजेच्या फाईलपासून. असं थेट कच्च्या सीएसव्हीपर्यंत.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं तेच मुळी अशा वैतागातून. 'याक' हे पार्सर बनवणारं साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवून बसले होते. चूक केव्हाच दुरुस्त झालेली होती. फक्त ती फाईल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. फेल्डमन यांचीही आदली संध्याकाळ अशाच भानगडीत गेली होती. म्हणजे 'कुठली फाईल शिळी झालीय हे माणसाने लक्षात ठेवायचं नाही' हाच या साधनाचा जन्महेतू. फोनी टार्गेटं लिहून आपण नेमका तोच बंद करून टाकतो.

तर पहिला नियम असा होईल:

स्वच्छ/%.सीएसव्ही: कच्चा/%.सीएसव्ही साफ.पीवाय
	पायथन साफ.पीवाय $< $@

टक्क्याच्या जागी जिल्ह्याचं नाव येतं. $@ म्हणजे जी फाईल बनवायची ती, आणि $< म्हणजे यादीतली पहिली मूळ फाईल. एका नियमात छत्तीस जिल्हे आले. साताऱ्याची फाईल बदलली तर फक्त साताराच साफ होईल. बेरीज आणि अहवाल मात्र पुन्हा होतील, कारण ते सगळ्यांवर अवलंबून आहेत, आणि ते व्हायलाच हवेत.

मूळ फायलींच्या यादीत मी साफ.पीवायसुद्धा लिहिली आहे, ते बघा. बहुतेक जण नेमकं हेच सोडतात. स्क्रिप्टमधली चूक सुधारता, मेक चालवता, मेक म्हणतं सगळं ताजं आहे, आणि जुन्या चुकीसकट अहवाल पुढे जातो. कच्चा डेटा जसा इनपुट आहे तसाच कोडही इनपुट आहे. 'अतिवृष्टी किती मिलिमीटरपासून धरायची' असली संख्या एखाद्या कॉन्फिग फाईलमध्ये असेल तर तीही यादीत यायला हवी. आणि सगळ्या स्क्रिप्टसाठी एकच मोठी कॉन्फिग फाईल असेल तर ती फोडा, नाहीतर आलेखाचा रंग बदलला म्हणून छत्तीस जिल्ह्यांची साफसफाई पुन्हा सुरू होईल.

याची उलट बाजूही आहे. साफ.पीवायमध्ये नुसती टिप्पणी सुधारली तरी छत्तीस फायली पुन्हा बनतात. मेक आशय बघत नाही, घड्याळ बघतं. त्यासाठी मेक -टी आहे: काहीही न चालवता बनलेल्या फायलींवर आजची वेळ मारून मोकळं होतं. पण ते शपथेवर खोटं बोलल्यासारखं आहे. बदल खरोखर निरुपद्रवी असल्याची खात्री नसेल तर छत्तीस फायली पुन्हा बनू द्या.

आता जिल्ह्यांची यादी कुठून आणायची? मोह होतो तो वाइल्डकार्डचा: कच्चा फोल्डरमध्ये ज्या सीएसव्ही असतील त्या सगळ्या घे. करू नका. एखाद्या दिवशी गडचिरोलीची फाईल आलीच नाही तर मेक ३५ जिल्ह्यांचा अहवाल हसतमुखाने बनवून देईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. अहवालात ३६ जिल्हे असायलाच हवेत, ही तुमची अट आहे. ती मेकफाईलमध्ये लिहिलेली असली पाहिजे. नावांची यादी हाताने, एका व्हेरिएबलमध्ये लिहा.

पण नुसती यादी लिहूनही एक फट उरते. वर दिलेला टक्केवाला नियम हा 'जमलं तर लागू कर' जातीचा आहे. कच्ची फाईल नसेल तर मेक तो नियम लागूच करत नाही. आणि मागच्या महिन्यात बनलेली स्वच्छ/गडचिरोली.सीएसव्ही अजून फोल्डरमध्ये पडलेली असेल, तर मेक तिला आयती मिळालेली फाईल समजतं आणि शांतपणे पुढे जातं. म्हणजे नव्या अहवालात जुना पाऊस. यावर उपाय म्हणजे तोच नियम स्टॅटिक पॅटर्नच्या रूपात लिहायचा:

$(स्वच्छ_फायली): स्वच्छ/%.सीएसव्ही: कच्चा/%.सीएसव्ही साफ.पीवाय
	पायथन साफ.पीवाय $< $@

$(स्वच्छ_फायली) म्हणजे त्या छत्तीस नावांपासून बनवलेली स्वच्छ फायलींची यादी. फरक एका कोलनचा दिसतो, पण आता तुम्ही मेकला बजावलं आहे की या छत्तीस फायली याच पद्धतीने बनतात, दुसरा मार्ग नाही. कच्ची फाईल गायब असेल तर मेक जागीच थांबतं आणि नेमकी कुठली फाईल नाही तेही नावासकट सांगतं. आधीच्या रूपात ते फार तर स्वच्छ फाईलचं नाव घेऊन 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणतं, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नावांवरून आठवलं. मेकला फाईलच्या नावातली मोकळी जागा अजिबात चालत नाही. स्पेस दिसली की ते दोन फायली समजतं, आणि यावर धड उपाय नाही. 'मुंबई उपनगर' आणि 'छत्रपती संभाजीनगर' तुम्हाला पहिल्याच दिवशी अडवतील. अंडरस्कोअर घाला, किंवा त्याहून बरं म्हणजे नावाऐवजी क्रमांक वापरा. जिल्ह्यांची नावं बदलतात. औरंगाबाद आणि अहमदनगर या नावांनी साठवलेल्या जुन्या फायली तुमच्याकडेही असतीलच. फक्त २०११ च्या जनगणनेचे जिल्हा-क्रमांक घेऊ नका. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्या यादीत जिल्हे ३५ च आहेत. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे क्रमांक चालतील. नावं अहवालाच्या शेवटच्या पायरीत लावा.

आता त्या चुकीबद्दल, जी सगळ्यात जास्त नुकसान करते आणि सगळ्यात उशिरा सापडते. ती म्हणजे अर्धवट लिहिलेली फाईल. बेरजेचा नियम समजा असा आहे:

बेरीज/महिना.सीएसव्ही: बेरीज.पीवाय $(स्वच्छ_फायली)
	पायथन बेरीज.पीवाय $(स्वच्छ_फायली) > $@

'पेक्षा मोठं' हे चिन्ह शेल हाताळतं, आणि स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच शेल ती फाईल रिकामी करून ठेवतं. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तर मेक चूक दाखवून थांबेल खरं, पण रिकामी किंवा अर्धी फाईल मागे राहील, आणि तिच्यावर वेळ असेल आत्ताची. तुम्ही घाईत पुन्हा मेक म्हणता. मेक बघतं: बेरजेची फाईल आहे, सगळ्या मूळ फायलींपेक्षा नवी आहे, म्हणजे ताजी. पुढे चला. दुसऱ्या फेरीत एकही चूक दिसत नाही आणि अहवालात शेवटचे अकरा जिल्हे कोरे.

यासाठी मेकफाईलच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: .डिलीट_ऑन_एरर आणि पुढे कोलन. ती असली की आज्ञा अपयशी ठरल्यावर मेक अर्धवट फाईल स्वतःच पुसून टाकतं. ही ओळ आपोआप लागू नसते, कारण जुन्या मेकफायली बिघडू नयेत. म्हणजे दरवेळी आपल्यालाच लिहायची. कंट्रोल-सी दाबून थांबवलंत तर मेक तसंही अर्धी फाईल पुसतं. पण वीज गेली किंवा प्रोसेस जबरदस्तीने मारली गेली तर पुसायला मेक उरतच नाही. त्यासाठी खरी खबरदारी अशी: आधी तात्पुरत्या नावाच्या फाईलमध्ये लिहायचं आणि सगळं नीट झालं की शेवटच्या ओळीत एमव्हीने तिला खरं नाव द्यायचं. एकाच फाईल सिस्टिमच्या आत नाव बदलणं हे एका झटक्यात होतं; फाईल एकतर पूर्ण दिसते नाहीतर दिसतच नाही. ज्या पायरीला पाच मिनिटांहून जास्त लागतात तिथे मी हे करतोच.

तसाच छुपा प्रकार पाइपचा, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देण्याचा. दोन आज्ञा पाइपने जोडल्या आणि पहिली मेली, तरी शेल निकाल सांगतं तो शेवटच्या आज्ञेचा. मेकला वाटतं सगळं उत्तम. म्हणून शेल म्हणून बॅश निवडा आणि .शेलफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये -ईयू, -ओ पाइपफेल आणि शेवटी -सी द्या. बॅश मुद्दाम सांगावं लागतं, कारण मेक स्वतः होऊन एसएच वापरतं, आणि उबुंटू-डेबियनवर एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचं वेगळं शेल.

शेलचंच आणखी एक. रेसिपीची, म्हणजे नियमाखालच्या आज्ञांची, प्रत्येक ओळ नव्या शेलमध्ये चालते. पहिल्या ओळीत सीडी करून दुसऱ्या ओळीत त्या फोल्डरमध्ये असल्याची अपेक्षा करू नका. दोन्ही एकाच ओळीत, मध्ये दोन अँपरसँड घालून लिहा. आणि शेलचा डॉलर हवा असेल तर तो दोनदा लिहावा लागतो, एक डॉलर मेक स्वतःसाठी खातं.

टॅबबद्दल लोक इतकी कुरकुर करतात की मला दोनच वाक्यं पुरेत: रेसिपीची ओळ टॅबनेच सुरू होते, स्पेसने नाही, आणि 'मिसिंग सेपरेटर' अशी चूक आली की दहातले नऊ वेळा कारण हेच. एडिटरकॉन्फिग फाईलमध्ये मेकफाईलसाठी टॅब सक्तीचा करा आणि विसरून जा. (फेल्डमन यांनाही पुढे तो निर्णय बदलावासा वाटला होता, पण तोवर मेकचे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून राहू दिला. त्या डझनभरांची किंमत सगळं जग अजून मोजतंय.)

घड्याळाचा विषय मात्र दोन वाक्यांत आटपणार नाही, कारण तुमचा डेटा बाहेरून येतो.

समजा हवामानाच्या माणसाने साताऱ्याची सुधारलेली फाईल सोमवारी तयार केली. तुम्ही मंगळवारी जुन्या फाईलवर अहवाल चालवला. बुधवारी झिप आली, तुम्ही ती उघडली. अनझिप करताना आतल्या फायलींच्या मूळ वेळा जशाच्या तशा ठेवल्या जातात. म्हणजे नवी फाईल बुधवारी आली तरी तिच्यावर शिक्का सोमवारचा, आणि स्वच्छ फाईल मंगळवारची. मेकच्या लेखी काहीच बदललेलं नाही. चूक नाही, इशारा नाही, काही नाही. टारचंही तसंच. फायली डाउनलोड करणारं डब्ल्यूगेटसुद्धा सर्व्हरने सांगितलेली वेळ फाईलवर लावतं. कॉपी करताना -पी दिलं किंवा आरसिंकला -ए दिलं तरी जुनी वेळ येते.

म्हणून डेटा कच्चा फोल्डरमध्ये घेण्याचं दार एकच ठेवा आणि तिथे आल्याची वेळ लावा. अनझिपला -डीडी (दोन्ही कॅपिटल) हा पर्याय आहे, टारला -एम, डब्ल्यूगेटला सर्व्हरची वेळ नाकारणारा पर्याय आहे, आणि काहीच आठवलं नाही तर टच आहेच. पण सरसकट सगळ्या फायलींना टच केलंत तर पुन्हा छत्तीस जिल्हे चालतील. आलेली फाईल आधीच्या फाईलशी सीएमपी या आज्ञेने ताडून बघा. आशय वेगळा असेल तरच कच्चामध्ये टाका. चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते, आणि मेकचा 'आशय न बघण्याचा' दोष निम्मा इथेच भरून निघतो. कच्चा फोल्डर त्यापलीकडे कुणी लिहू नये असा ठेवा. सफाईच्या नियमात, म्हणजे मेक क्लीन म्हटल्यावर जे पुसलं जातं त्यात, कच्चा हे नाव चुकूनही येता कामा नये.

गिटचंही इथेच सांगतो. गिट फायलींच्या वेळा साठवत नाही. क्लोन केलं की सगळ्या फायलींवर क्लोनची वेळ पडते, आणि त्यांच्यातला आधी-नंतरचा क्रम नशिबावर. त्यामुळे बनलेल्या फायली, म्हणजे स्वच्छ, बेरीज, आलेख, गिटमध्ये टाकूच नका. टाकल्यात तर नव्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर मेक काय शिळं आणि काय ताजं मानेल याचा नेम नाही.

फोल्डर मूळ फायलींच्या यादीत टाकू नका, हेही याच घरातलं. फोल्डरमध्ये नवी फाईल आली की फोल्डरची वेळ बदलते आणि सगळंच शिळं ठरतं. फोल्डर फक्त 'असला पाहिजे' एवढीच अट असेल तर यादीत उभी रेघ मारून तिच्या पलीकडे लिहा. मग मेक तो आहे का एवढंच बघतं, कधीचा आहे ते बघत नाही.

एका स्क्रिप्टमधून दोन फायली निघत असतील, समजा आलेखाचं चित्र आणि सोबतचा तक्ता, तर डाव्या बाजूला दोन्ही नावं लिहून साधा कोलन देऊ नका. मेक त्याचा अर्थ 'दोन स्वतंत्र फायली, दोघींची कृती एकच' असा घेतं आणि स्क्रिप्ट दोनदा चालवू शकतं, समांतर चालवलंत तर एकाच वेळी दोनदा. २०२० मध्ये आलेल्या ग्नू मेक ४.३ पासून कोलनच्या आधी अँपरसँड लिहिता येतो: एकदाच चालव, दोन्ही बनतील.

आणि इथे मॅकवाला सहकारी अडकतो. ॲपल आजही ग्नू मेक ३.८१ देतं, म्हणजे २००६ ची आवृत्ती. पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ या परवान्याखाली आल्या आणि ॲपल त्यापासून लांब राहिलं. त्या जुन्या मेकला अँपरसँड हे आणखी एका फाईलचं नाव वाटतं, .शेलफ्लॅग्ज त्याला माहीत नसल्यामुळे पाइपफेल लागतच नाही, आणि दोन्ही ठिकाणी ते तक्रार करत नाही. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने) मेक बसवा. ते जीमेक नावाने मिळतं. मेकफाईलच्या सुरुवातीला आवृत्ती तपासून जुनी असेल तर तिथेच थांबवणारी ओळ घाला. अशी ओळ उगीच कडक वाटते, पण रीडमीतली सूचना कुणी वाचत नाही हे तुम्ही अनुभवलंच आहे.

एवढं नीट लिहिलंत की वेग जवळजवळ फुकट मिळतो. मेक -जे ८ म्हटलं की आठ जिल्हे एकाच वेळी साफ होतात. मेकला आता कोण कोणावर अवलंबून आहे हे ठाऊक असतं, म्हणून ते क्रम बिघडवत नाही. शेल स्क्रिप्टला हे कधीच जमलं नसतं. सोबत -ओ कॅपिटल द्या, म्हणजे आठ जणांचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत. मात्र समांतर चालवल्यावरच बिघडणारी मेकफाईल असेल तर दोष समांतरपणाचा नसतो. कुठेतरी एक अवलंबित्व लिहायचं राहिलेलं असतं आणि आजवर ते केवळ क्रमामुळे झाकलं गेलेलं असतं. असल्या राहिलेल्या ओळी शोधायला ४.४ मध्ये, २०२२ साली, --शफल आलं: मेक मुद्दाम क्रम पिसून चालवतं. नवी मेकफाईल मान्य करण्याआधी तीन-चारदा असं चालवून बघा. एक अपवाद लक्षात ठेवा: सगळ्या स्क्रिप्ट एकाच एसक्यूलाइट (डेटाबेस) फाईलमध्ये लिहीत असतील तर समांतर चालवून कुलुपाच्या चुकाच मिळतील. प्रत्येक पायरीची आपली वेगळी फाईल, हा शिरस्ता मेकसोबत पाळावाच लागतो.

काही उलगडत नसेल तेव्हा मेक -एन. काय चालेल ते दाखवतं, चालवत काही नाही. त्याला -डब्ल्यू (कॅपिटल) आणि एखाद्या कच्च्या फाईलचं नाव जोडा: 'ही फाईल आत्ता बदलली असती तर काय काय पुन्हा बनलं असतं?' याचं उत्तर मिळतं. मेकफाईल बरोबर आहे की नाही हे तपासायची माझ्या मते ही सगळ्यात चांगली युक्ती. सातारा द्या. एक साफसफाई, एक बेरीज, आलेख, अहवाल एवढंच दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तर कुठेतरी जादा अवलंबित्व आहे, कमी दिसलं तर राहून गेलंय. अमुक फाईल का बनतेय असा प्रश्न असेल तर --ट्रेस. -डी मात्र टाळा, त्याच्या पानोपानी पसाऱ्यात माणूस बुडतो.

पीडीएफसाठी लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरत असाल तर संदर्भ-क्रमांक जुळेपर्यंत ते किती वेळा चालवायचं हे मेकला सांगत बसू नका. लाटेकएमके ते काम करतं, मेकने फक्त त्याला हाक मारायची. मराठी मजकूर असल्यामुळे इंजिन झीलाटेक किंवा लुआलाटेक.

आता एअरफ्लो. ते २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं आणि आज अपाचेचा प्रकल्प आहे. चांगलं साधन आहे, पण ते सोडवतं तो प्रश्न वेगळा: शेकडो कामं, अनेक यंत्रं, ठरलेल्या वेळा, अपयश आलं की पुन्हा प्रयत्न, आणि कोणतं काम कुठे अडकलं ते दाखवणारा पडदा. त्यासाठी शेड्युलर, डेटाबेस, वेब सर्व्हर सतत चालू ठेवावे लागतात आणि त्यांची देखभाल करायला माणूस लागतो. चार-पाच जणांच्या गटाला एका अहवालासाठी हे परवडत नाही. शिवाय सुधारलेली एकच फाईल आली तर फक्त तेवढंच पुन्हा कर, हे एअरफ्लो स्वतः होऊन करत नाही. ते तुम्हालाच रचावं लागेल. तुमचा पाऊण तास जिथल्या तिथे राहील.

रोज सकाळी आपोआप चालायला क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) आणि मेक पुरेसे आहेत. क्रॉन रोज सहाला मेकला हाक मारेल. नवी फाईल आलेली नसेल तर मेक क्षणात परत जाईल. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा. मेक अपयशी ठरलं तर शून्याऐवजी २ परत देतं, त्यावरून मेल पाठवता येतो. क्रॉनचं पाथ व्हेरिएबल तोकडं असतं, तेव्हा पायथनचा पूर्ण पत्ता द्या.

मेक कधी सोडावं हेही सांगतो. टक्क्याचं चिन्ह एका नियमात एकच गोष्ट बदलू शकतं. आज तुमच्याकडे फक्त जिल्हे आहेत. उद्या जिल्हा, वर्ष आणि पावसाचं केंद्र अशा तिन्ही मिती आल्या तर मेकमध्ये ते लिहिता येतं, पण वाचवत नाही. तिथे स्नेकमेक घ्या. विचार मेकचाच, नियम पायथनच्या अंगाने लिहायचे, नावात हव्या तेवढ्या बदलत्या जागा, आणि नव्या आवृत्त्यांत कोड किंवा पॅरामीटर बदलला तरी ते ओळखतं. मेकमध्ये फायलींचा विचार करायची सवय लागली असेल तर स्नेकमेकला जायला एक आठवडा पुरतो. उलट, फक्त लांबलचक आज्ञांना छोटी नावं हवी असतील, फायलींचा प्रश्नच नसेल, तर मेकही नको. जस्ट नावाचं साधं साधन आहे ते बसवा.

विंडोजवरच्या सहकाऱ्याबद्दलही विचारलं होतं. विंडोजसाठी मेकच्या वेगळ्या आवृत्त्या मिळतात, पण रेसिपीतलं शेल कुठून आणायचं हा प्रश्न उरतोच. त्यांना डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवायला सांगा आणि प्रकल्प लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, सी ड्राइव्हवर नाही. तिथे हजारो छोट्या फायलींवर काम फार रेंगाळतं. आणि गिटॲट्रिब्यूट्समध्ये मेकफाईल आणि शेल स्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट एलएफ असा पक्का करा. नाहीतर विंडोजचं अदृश्य कॅरेज रिटर्न प्रत्येक आज्ञेच्या शेवटी चिकटून येईल आणि समोर दिसत असलेली फाईल सापडत नाही अशी चूक बघत तुम्ही दोघंही तासभर बसाल.